खालचा बोल्ट

आर्वीच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं बसगाड्यांखाली आडवं पडून मेकॅनिकचं काम करून रंगनाथ बोबडे निवृत्त झाले आणि दोन वर्षांच्या आत त्यांची बायको गेली. एकुलता एक मुलगा दत्तप्रसाद पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने वडिलांना विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा कपड्यांच्या एका पिशवीखेरीज त्यांच्यासोबत फक्त पान्यांची लोखंडी पेटी होती. ती ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उतरवताना दोन माणसं लागली.

पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे नळ, पंखे आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या नीट केल्या. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांच्या केल्या. मग काम संपलं. दत्ता आणि नम्रता सकाळी बाहेर पडत. तो खराडीला ऑफिसात, ती येरवड्याच्या शाळेत शिकवायला. रंगनाथराव दिवसभर बाल्कनीत बसून आळंदी रस्त्यावरून जाणाऱ्या बसचे आवाज ऐकत आणि संध्याकाळी मुलगा आला की सांगत, की अमुक नंबरच्या बसचा क्लच गेलेला आहे, आठवडाभरात बंद पडेल. हळूहळू तेही सांगणं थांबलं. चहा घेतल्यावर तासाभरात ते पुन्हा चहा मागू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वय झालं की थोडं विसरायला होतं, त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा.

दत्ताने गाडी घेतली ती त्यासाठी, असं तो नम्रताला म्हणाला. ते अर्धंच खरं होतं. अमेरिकेत दीड वर्ष काढताना तो रोज ऑफिसच्या वाटेवर एक लाल गाडी पाहायचा. जपानी बनावटीची, दोनच माणसांची, छप्पर मागे सारता येईल अशी, जमिनीला चिकटून चालणारी. तशीच एक गाडी कोरेगाव पार्कातल्या एका गृहस्थांनी परदेशातून येताना आणली होती, आणि दोन हजार सात साली ते पुन्हा परदेशी चालले होते. पंधरा वर्षं जुनी, रंग विटलेला, छपराचं कापड दोन ठिकाणी उसवलेलं. दत्ताने बघितली त्याच दिवशी हो म्हटलं.

रंगनाथरावांनी पार्किंगमध्ये गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "घरात माणसं तीन, गाडी दोघांची. मी काय टपावर बसू?" मग त्यांनी शर्ट काढला, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि बनियनवरच गाडीखाली शिरले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा कपाळाला तेल लागलेलं होतं. वर्षभरात दत्ताने त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

त्यानंतरचे आठ महिने दत्ताच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे त्याला पुढे फार उशिरा कळलं. दर रविवारी बापलेक सकाळी सातला खाली उतरत. नव्या मालकाला जे हवं असतं ते सगळं दत्ताला हवं होतं: रुंद चाकं, आखूड स्प्रिंगा, घुमणारा सायलेन्सर. इंटरनेटवरून तो पानंच्या पानं छापून आणी. रंगनाथराव ती चष्मा लावून नीट वाचत आणि घडी करून खिशात ठेवत. मग म्हणत, "हे सगळं होईल. आधी रबर." गाडीतलं जे जे रबराचं ते त्यांनी एकेक करून बदलायला लावलं. पाण्याचे पाइप, इंजिनाचा पट्टा, चाकांच्या दांड्यांमधले बुश. रबर दिसायला धड असतं आणि आतून मेलेलं असतं, असं ते म्हणत. एक अख्खा महिना गंजलेले नट सोडवण्यात गेला. आठवड्याला एक नट निघाला तरी ते खूश असत.

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही बोल्ट पूर्ण आवळून झाला की ते त्याच्या डोक्यावर काडीने पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देत. डेपोत तसाच नियम होता. ठिपका नाही म्हणजे काम राहिलंय, मग कोणी काहीही सांगो. दत्ताने अमेरिकेहून एक पाना आणला होता. त्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर आला की तो टिक असा आवाज करी. रंगनाथरावांनी आधी त्याची टिंगल केली, मग त्यांना तो फार आवडू लागला. फक्त त्यावरचे बारीक आकडे त्यांना दिसत नसत, म्हणून आकडा लावायचं काम दत्ताचं.

नम्रताही कधी डबा घेऊन खाली येई आणि पायरीवर बसून दोघांचं बोलणं ऐकत खाई. ती पुण्यातच वाढलेली, बोलायला कमी. एकदा ती दत्ताला म्हणाली, की बाबा आता चहा एकदाच मागतात.

रबर संपलं, स्प्रिंगा बसल्या, आणि मग दत्ताने ब्रेकचा विषय काढला. त्याच गाडीच्या मोठ्या मॉडेलचे ब्रेक हिला बसतात, असं त्याने वाचलं होतं. चाकामागच्या लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी चावून धरणारा जो जबडा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. मोठी चकती आणि मोठा कॅलिपर बसवला की गाडी जागच्या जागी उभी राहते. वडिलांना ही कल्पना एकदम पटली. पळण्याआधी थांबता यावं, असंच त्यांचं मत होतं. नाना पेठेत जुन्या विदेशी गाड्यांचे सुटे भाग विकणारे अनंतराव गोळे म्हणून एक दुकानदार होते. त्यांनी दीड महिन्याने कुठून तरी पूर्ण संच मिळवून दिला आणि देताना बजावलं, "माल चोख आहे. बसवणारा चोख असला म्हणजे झालं."

तो रविवार नोव्हेंबरातला होता. सकाळपासून तीन चाकांचं काम झालं. चौथं, पुढचं डावं, तेवढं राहिलं होतं. दुपारचा एक वाजत आला होता आणि दत्ताच्या कानाला फोन होता. अमेरिकेत शनिवारची रात्र होती, त्याच्या टीमने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली होती आणि ती बंद पडली होती. तिकडून एक माणूस चिडून बोलत होता, इकडे दत्ता पार्किंगच्या खांबाला टेकून त्याला शांत करत होता. वरून नम्रताने जेवायला दोनदा हाक मारली.

रंगनाथराव गुडघ्यावर हात देऊन उठले. कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो, एक वर, एक खाली. वरचा आवळून त्यांनी ठिपका दिला होता. खालच्यासाठी आकडा बदलायचा होता. ते दत्ताजवळ आले आणि म्हणाले, "खालचा नुसता हातानं लावला आहे. आकडा लावून तेवढा आवळून घे. मले दिसत नाही." दत्ताने फोनवरचं बोलणं न तोडता मान हलवली आणि अंगठा वर केला. ते नॅपकिनला हात पुसत जिन्याने वर गेले.

फोन आणखी पाऊण तास चालला. तो संपला तेव्हा दत्ताच्या डोक्यात फक्त ती पडलेली आवृत्ती होती. त्याने चाक उचललं, लावलं, त्याचे चार नट आवळले, जॅक खाली घेतला आणि जेवायला गेला.

आठवडाभर तो त्याच गाडीने ऑफिसला गेला. ब्रेक अप्रतिम लागत होते. शुक्रवारी त्याने वडिलांना बाजूला बसवून विमानतळापर्यंत फेरी मारून आणली. रस्ता मोकळा होता तिथे त्याने जोरात ब्रेक मारून दाखवला. रंगनाथराव पट्ट्यात पुढे झुकले, हसले आणि म्हणाले, "बस बस, म्हाताऱ्याची मान तुटेल."

रविवारी सकाळी दत्ता आणि नम्रता छप्पर उघडं टाकून सासवडला गेले. येताना दिवे घाट उतरत असताना एका वळणावर पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर घण मारल्यासारखा आवाज आला. चाक जागीच अडलं. गाडी डावीकडे खेचली गेली आणि दगडी कठड्याला जाऊन घासत थांबली. वेग फार नव्हता. दत्ताला खरचटलंसुद्धा नाही. नम्रताचा डावा हात दारावर टेकलेला होता. कोपर दार आणि कठडा यांच्यामध्ये सापडलं.

ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "माझा हात बघ ना, असा का दिसतोय?"

हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर त्याला आठवलं. आठवायला जोर द्यावा लागला नाही. पार्किंगचा खांब, कानाला तापलेला फोन, समोर वडिलांचे हलणारे ओठ आणि आपला वर केलेला अंगठा. शब्दन् शब्द त्याने ऐकला होता. ऐकला होता आणि कुठेच ठेवला नव्हता.

शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून रंगनाथराव तासाभरात आले. सुनेला आत नेलं होतं. ते मुलासमोर उभे राहिले. हात त्यांनी पाठीमागे धरले होते. त्यांनी विचारलं, "कोणतं चाक?"

"पुढचं डावं."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते काही बोलणार तेवढ्यात दत्ता म्हणाला, "कॅलिपरच तुटला, बाबा. ओतकामच कच्चं होतं. मालात खोट होती."

हे वाक्य त्याने वडिलांसाठी उच्चारलं की स्वतःसाठी, ते त्याला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. ते तोंडातून गेलं आणि रंगनाथराव मटकन बाकावर बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. मग पुटपुटले, "मले वाटलं, मीच."

नम्रताच्या कोपरावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. हाड जुळलं, पण सांधा काटकोनाच्या पुढे मिटेना. डावा हात खांद्यापर्यंत जाईना, केसांपर्यंत तर नाहीच. तिचे केस लांब होते. वेणी घालायला दोन हात लागतात, हे त्या घरात पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं. रोज सकाळी सहाला दत्ता तिच्यामागे बसून वेणी घालू लागला. सुरुवातीला ती वाकडी यायची आणि ती हसायची. रंगनाथराव त्या वेळी बाल्कनीत जाऊन पाठ करून उभे राहत.

त्यांच्या मनात त्या दुकानदाराविषयी राग धुमसतोय, हे दत्ताला दिसत होतं. जेवताना ते मधेच म्हणत, "कच्चा माल विकते आणि वर चोख म्हणते." दत्ता विषय बदलायचा. मोडकी गाडी टेम्पोवर घालून पार्किंगच्या कोपऱ्यात आणून ठेवली होती, आणि सुटून पडलेला तो कॅलिपर तिच्याच डिकीत होता. तो वेळीच फेकून द्यावा, एवढं दत्ताला सुचलं नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी अकराच्या सुमारास रजेवर घरी असलेल्या नम्रताचा दत्ताला ऑफिसात फोन आला. बाबा कॅलिपर पिशवीत घालून बसने नाना पेठेत गेले होते. जाताना तिला सांगून गेले होते, की सुनेचा हात मोडणाऱ्याला जाब विचारून येतो.

दत्ता मीटिंग सोडून रिक्षाने निघाला. पोचला तेव्हा गोळे यांच्या दुकानापुढे सातआठ माणसं जमली होती. रंगनाथरावांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. चौतीस वर्षांत असला माल डेपोच्या दारात उभा करून घेतला नसता, असं ते म्हणत होते. अनंतराव गोळे काउंटरमागे स्वस्थ बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा बदलला, पिशवीतला कॅलिपर उजेडाकडे धरला आणि उलटसुलट करून पाहिला. दत्ता दारातच थबकला. त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

"आजोबा, तुम्ही या धंद्यातले आहात, म्हणून तुम्हालाच विचारतो," गोळे म्हणाले. "हा बोल्टाचा वरचा कान तुटलाय. कबूल. पण खालच्या भोकातले आटे बघा. कोरे आहेत. बोल्ट तुटला असता तर अर्धा आत राहिला असता. ओढला गेला असता तर आटे सोलले असते. हा आपणहून फिरत फिरत बाहेर पडलाय. मग सगळा भार एकट्या वरच्या कानावर आला, म्हणून तो तुटला. आता बोल्ट आपणहून बाहेर कधी पडतो, ते तुम्ही सांगा."

रंगनाथरावांनी कॅलिपर हातात घेतला. उजव्या हाताची करंगळी त्या भोकात घातली आणि हळूहळू फिरवली.

"नुसता हातानं लावला असेल तर," ते शेवटी म्हणाले.

"मी काही म्हणत नाही," गोळे म्हणाले. "लोखंड म्हणतंय."

आत्ता बोलावं, असं दत्ताला वाटलं. तीन पावलं पुढे जायचं आणि म्हणायचं, की त्यांनी मला सांगितलं होतं, माझ्याकडून राहिलं. पुढे कितीतरी वेळा त्याने मनात ती तीन पावलं टाकली. त्या दिवशी त्याचे पाय दारातून हलले नाहीत. रंगनाथरावांनी कॅलिपर पुन्हा पिशवीत ठेवला, गोळ्यांपुढे हात जोडले आणि मोठ्याने बोलल्याबद्दल माफी मागितली. वळले तेव्हा त्यांना मुलगा दिसला. "चाल," एवढंच म्हणाले.

रिक्षात ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बंडगार्डनचा पूल मागे पडला. मग म्हणाले, "दत्ता, वरचा आवळलेला आठवते मले. ठिपका देल्लेला आठवते. खालचा आठवत नाही. किती आठवून पाहतो, तिथं नुसतं पांढरं दिसते."

दत्ताने बाहेर पाहिलं आणि म्हणाला, "होतं असं कधी कधी, बाबा."

त्याने आयुष्यात केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ही होती. हॉस्पिटलातलं खोटं भीतीच्या भरात तोंडून गेलं होतं. हे वाक्य त्याने पूर्ण शुद्धीत, वडिलांकडे न बघता उच्चारलं.

घरी आल्यावर रंगनाथराव सुनेच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत यायला तिने सांगितलं तरी आले नाहीत. म्हणाले, "पोरी, हात माझा चुकला आणि मोडला तुझा." नम्रता उठून त्यांच्याकडे गेली, उजव्या हाताने त्यांचा दंड धरला आणि त्यांना समजावत राहिली, की असं कोणाकडूनही होऊ शकतं. ती मनापासून बोलत होती. दत्ता स्वयंपाकघरात पाणी पीत उभा होता.

पान्यांची पेटी त्यांनी पलंगाखाली सरकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. फेब्रुवारीत बाथरूमचा नळ गळू लागला. नळवाल्याला बोलवावं लागलं, आणि तो काम करत असताना रंगनाथराव दाराबाहेर हात बांधून उभे राहिले. मग त्यांनी तपासायला सुरुवात केली. गॅसचं बटण बंद आहे ना, हे रात्री पाचपाचदा. दाराची कडी. कपड्यांच्या दोरीच्या गाठी. मार्चात ते पहाटे उठून खाली पार्किंगमध्ये जाऊ लागले. तिथे उभ्या असलेल्या एकेका गाडीपाशी वाकून ते चाकांचे नट बोटांनी चाचपून बघत. एक गाडी झाली की दुसरी. शेवटपर्यंत पोचले की मधली एखादी राहिली असं वाटे, म्हणून परत सुरुवातीपासून.

सोसायटीचे अध्यक्ष रावसाहेब एका सकाळी घरी आले. सज्जन माणूस. खूप वेळ चहाच्या कपाकडे बघत ते बोलले. लोक तक्रार करताहेत, कोणाला वाटतं चाकं चोरायला आलेत, आपल्याला माहीत आहे तसं नाही, पण जरा लक्ष द्या. रंगनाथराव आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते.

ते गेल्यावर दत्ता आत गेला आणि वडिलांसमोर जमिनीवर बसला. त्याने सगळं सांगितलं. फोन, खांब, ते काय म्हणाले, आपण अंगठा कसा वर केला. हॉस्पिटलात खोटं का बोललो. दुकानात गप्प का राहिलो. बोलताना त्याला रडू येत होतं आणि कुठेतरी हलकंही वाटत होतं. आता संपेल, असं त्याला वाटलं. बाबा रागावतील, कदाचित मारतीलसुद्धा, आणि मग संपेल.

रंगनाथरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझी आईही असंच करे," ते म्हणाले. "माझं काही चुकलं की आपल्या अंगावर घे."

"बाबा, मी खरं सांगतोय."

"कॅलिपर तुटला म्हणतानाही तू असंच तोंड केलं होतं."

दत्ताने ठिपक्याची आठवण दिली. खालच्या बोल्टला तुम्ही ठिपका दिला नव्हता, कारण काम राहिलंय हे तुम्हाला माहीत होतं, विसरला असता तर ठिपका दिला असता. रंगनाथरावांनी विचार केला. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत डेपोतला माणूस जागा झाल्यासारखा वाटला.

"बोल्ट कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

बोल्ट घाटात कुठेतरी पडला होता.

"मग?" ते म्हणाले. "तू पाह्यलं, मी नाही पाह्यलं. आणि तू माझा पोरगा आहेस. तुझी साक्ष कशी धरू?" त्यांनी त्याचे गाल पुसले. "जाऊ दे. तुले बापाची कीव येते, हेच लय झालं."

त्या दिवशी शनिवार होता आणि नम्रता शाळेत होती. संध्याकाळी दत्ताने तिलाही सांगितलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिने विश्वास ठेवला, पहिल्या वाक्यापासून. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हातापेक्षा मला बाबांचं वाईट वाटतं. तीन महिने तू त्यांना माझ्यासमोर मान खाली घालून जेवताना पाहिलंस." सोमवारी शाळेतून येताना ती केस कापून आली, मानेपर्यंत. दत्ताने पाहिलं तेव्हा ती म्हणाली, की आता सकाळी लवकर उठायची गरज नाही.

तिनेही सासऱ्यांना सांगून पाहिलं. त्यांनी तिलाही तसंच ऐकून घेतलं. नवऱ्याची बाजू घेणारी सून मिळाली, याचं त्यांना बरं वाटलं.

एप्रिलमध्ये रंगनाथरावांनी आर्वीला परत जायचं ठरवलं. त्यांचा पुतण्या तिथे होता, त्याने ठेवून घेतो म्हणून कळवलं होतं. दत्ताने खूप विनवलं. ते म्हणाले, इथं गाड्या फार आहेत, सगळ्या तपासून होत नाहीत. पेटी त्यांनी नेली नाही. स्टेशनवर डब्यात बसल्यावर ते खिडकीतून खालच्या चाकांकडे वाकून बघत होते. गाडी हलेपर्यंत बघत होते.

मोडकी गाडी वर्षभर कोपऱ्यात धूळ खात उभी राहिली. ऑफिसात मंदीमुळे माणसं कमी होत होती. दत्ता टिकला, पण टिकल्याचा आनंद त्याला झाला नाही. नम्रता घरात होती, वेळेवर जेवत होती, विचारलेल्याची उत्तरं देत होती. कधी दोघं बाजारात गेले तर ती जड पिशवी त्याच्या हातात देई आणि पुढे चालू लागे. ती सोडून गेली नाही. जावं असं तिला वाटतं का, हे विचारायची त्याची हिंमत नव्हती.

पुढच्या दिवाळीनंतर गाडीला गिऱ्हाईक आलं. वरद नावाचा पिंपळे सौदागरचा मुलगा, तोही सॉफ्टवेअरमधला, डोळ्यांत तीच चमक असलेला. त्याने सोबत आपला मेकॅनिक आणला होता. पोपट त्याचं नाव, पन्नाशीचा माणूस, हडपसरला गॅरेज चालवणारा. पोपटने टॉर्च घेतली आणि गाडीखाली शिरला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याने आधी हात पुसले.

"पुढचं डावं अंग गेलंय, ते होईल," तो वरदला म्हणाला. मग दत्ताकडे वळला. "पण बाकीचं काम कुणी केलंय हो? एकेक बुश, एकेक पाइप... प्रत्येक बोल्टावर ठिपका हाय. तीस वर्षं हेच करतोय मी, असलं नीट काम बघितलं नाही. कुणी म्हातारा कारागीर असणार."

"माझे वडील," दत्ता म्हणाला.

"हायत का?"

दत्ताने मोबाइल काढला आणि आर्वीला फोन लावला. पुतण्याने रंगनाथरावांना बोलावून आणलं. दत्ताने घाईघाईने सांगितलं, की एक मेकॅनिक आलाय, परका माणूस आहे, त्याने गाडी खालून पाहिली, तो काय म्हणतोय ते त्याच्याच तोंडून ऐका. पोपट फोन घ्यायला हात पुढे करून उभाच होता.

पलीकडून रंगनाथराव म्हणाले, "काहून त्या माणसाले तरास देतो, दत्ता? तो बिचारा तू सांगशील तसं बोलेल."

"नाही, बाबा. मी त्याला ओळखतसुद्धा नाही. तुम्ही एकदा..."

"नम्रताचा हात कसा आहे?"

"तसाच आहे."

"हं," ते म्हणाले. त्यांनी फोन पुतण्याकडे दिला, आणि पुतण्याने सांगितलं, की काका अंगणात निघून गेले.

पोपटने पुढे केलेला हात हळूच मागे घेतला. वरदने किल्ली मागितली. दत्ताने ती दिली, कागदांवर सह्या केल्या, आणि टेम्पो येईपर्यंत तो त्या दोघांबरोबर पार्किंगमध्ये उभा राहिला. वरद त्याला विचारत होता, की ही गाडी घेतल्यावर सगळ्यात आधी काय करावं. दत्ताला पुष्कळ सांगता आलं असतं. तो म्हणाला, की पोपटना विचारा, ते सांगतील तसं करा, आणि ते सांगत असताना फोन घेऊ नका. वरदला वाटलं गंमत केली. तो हसला.